हजच्या प्रवासाचा जोडा : घेणाऱ्यांसाठी आणि विकणाऱ्यांसाठी

हज किंवा उमराहला जाणाऱ्याच्या घरी तयारी सुरू झाली की एक यादी तयार होते. एहरामच्या चादरी, कमरेचा पट्टा, औषधे, दुआंची किताब, सुकामेवा, लोणचे, आणि सगळ्यात शेवटी 'एक चप्पल'. ही शेवटची वस्तू निघण्याच्या आदल्या दिवशी घाईघाईने घेतली जाते, आणि ती घेताना गिऱ्हाईक विचारतो एकच प्रश्न, 'कितीला?' आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे. एहरामचे कापड विकताना ते किती पाणी शोषते, अंगाला किती टोचते, हे गिऱ्हाईक दहा वेळा हाताने चाचपून पाहतो. तोच गिऱ्हाईक ज्या वस्तूवर त्याचा सारा प्रवास उभा राहणार आहे ती मात्र न चाचपता पिशवीत टाकतो. आमचे म्हणणे असे की, यादीत जोडा शेवटी नव्हे तर पहिल्या पाचांत असावा. आणि ही जबाबदारी जितकी हाजीसाहेबांची आहे तितकीच आपल्या दुकानदार व कारागीर बंधूंचीही आहे.

प्रथम चालण्याचा हिशेब मांडू. सफा आणि मर्वा यांतील अंतर सुमारे ४५० मीटर आहे. सात फेऱ्या झाल्या की तीन किलोमीटरहून अधिक चाल होते. तवाफच्या सात फेऱ्या काबाशरीफच्या जवळून झाल्या तर कमी, पण गर्दीमुळे वरच्या मजल्यावर जावे लागले तर कितीतरी जास्त. मिना हरमपासून पाच ते सात किलोमीटर, आणि अरफातचे मैदान मक्केपासून सुमारे वीस किलोमीटर. बस आहे, २०१० पासून रेल्वेही आहे, परंतु स्टेशनपर्यंत आणि स्टेशनपासून तंबूपर्यंत पायच न्यावे लागतात. अरफातहून मुज्दलिफा आठ-नऊ किलोमीटरवर आहे. आमच्या ओझरच्या माणसाने ओझरहून पिंपळगाव बसवंतपर्यंत पायी जाण्याची कल्पना करावी, म्हणजे हे अंतर ध्यानात येईल. त्यानंतर जमरातचे दिवस. तंबू लांब असला तर रोज जाऊन-येऊन काही किलोमीटर चालणे ठरलेलेच. हरमच्या आतले बरेचसे चालणे संगमरवरावर अनवाणी होते. तेथून दमलेले पाय बाहेरच्या डांबरी रस्त्यावर येतात तेव्हा त्यांना खरी गरज असते ती चांगल्या जोड्याची.

त्यात उन्हाची भर. २०२४ च्या हजच्या दिवसांत मस्जिद-ए-हरामजवळ ५१.८ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्या वर्षी १३०१ जणांचा मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतील बहुतेक लोक परवान्याविना आलेले होते आणि त्यांना सावली व विसाव्याशिवाय दूरवर चालावे लागले होते. जोडा माणसाला उष्माघातापासून वाचवतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याचा पाय फोडाने सोलला आहे तो हळू चालतो, काफिल्याच्या मागे पडतो आणि उन्हात जास्त वेळ राहतो. चांद्रवर्षामुळे हजचे दिवस दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे येती काही वर्षे ते वसंतात आणि मग हिवाळ्यात येतील. ऊन कमी होईल, अंतर मात्र तेवढेच राहील.

आता शरीअतची बाजू. एहरामच्या हालतीत पुरुषांना मोजे आणि पाऊल झाकणारा बंद जोडा चालत नाही. हनफी मसलकात पावलाच्या वरच्या बाजूचे मधले हाड आणि घोटे उघडे राहिले पाहिजेत. कोकणातील आपले शाफई बंधू बोटे आणि टाच यांच्याबाबत अधिक काटेकोर असतात. तेव्हा प्रत्येकाने आपल्या भागातील आलिमांना जोडा दाखवून विचारून घ्यावे. स्त्रियांना हे बंधन नाही, त्या मोजे आणि बंद जोडा वापरू शकतात. एक गैरसमज मात्र दूर व्हावा. एहराममध्ये 'शिवलेले चालत नाही' याचा अर्थ अंगाच्या घडणीप्रमाणे शिवलेला कपडा चालत नाही असा आहे. चपलेच्या पट्ट्याला शिलाई असली म्हणून ती बाद होत नाही. या गैरसमजामुळे पुष्कळ लोक मजबूत शिलाईची सँडल सोडून रबराची पातळ हवाई चप्पल घेतात आणि पंधरा दिवस टाचा धरून बसतात.

हवाई चप्पल गुसलखान्यासाठी उत्तम आहे. लांब चालण्यासाठी ती नाही. तिला टाचेचा आधार नसतो, म्हणून ती पायात राहावी यासाठी बोटांनी सतत पकड धरावी लागते, आणि संध्याकाळपर्यंत पोटऱ्या भरून येतात. अंगठ्याजवळचा पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो. आपली कोल्हापुरी दिसायला देखणी आणि टिकायला मजबूत, पण नवी असताना कडक असते, आणि तिला पाणी सोसत नाही. दिवसातून पाच वेळा वुजू करणाऱ्याच्या पायात ती भिजत राहील. चांगली निवड म्हणजे मागे टाचेला पट्टा असलेली, वरून मोकळी, जाड परंतु हलक्या तळाची सँडल. तिचे पट्टे आवळता-सोडता यावेत, कारण पाय सकाळी एक आणि रात्री दुसरा असतो.

खरेदी कशी करावी हे थोडक्यात सांगतो. जोडा संध्याकाळी घ्यावा, तेव्हा पाय सुजून मोठा झालेला असतो. दोन्ही पाय मोजावेत, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, आणि माप मोठ्या पायाचे धरावे. घरून निघताना कोऱ्या कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढून न्यावी. दुकानात त्या रेघेवर जोडा ठेवावा. रेघ जोड्याच्या बाहेर डोकावली तर तो अरुंद आहे, नंबर काहीही छापलेला असो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. बंद जोडा असेल तर तो हाताने वाकवून पाहावा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे, मध्येच मोडता कामा नये. आत हात घालून शिलाई आणि सांधे चाचपावेत, जसे आपण कापडाची किनार चाचपतो. दुकानात निदान दहा मिनिटे चालून पाहावे. 'वापरून सैल होईल' या शब्दावर जोडा घेऊ नये. पायाला जे आज चावते ते मक्केत दुप्पट चावेल.

जोडा निघण्याच्या निदान सहा आठवडे आधी घ्यावा. पहिल्या आठवड्यात घरात, मग मशिदीपर्यंत, मग फजरनंतर दोन किलोमीटर, पुढे पाच, असे वाढवत न्यावे. यात जोडाही सैलावतो आणि पायही तयार होतो. नवा कोरा जोडा घेऊन विमानात बसू नये. आमच्या भागातील हाजी सहसा मुंबईहून विमान पकडतात. म्हणजे आधी महामार्गावर गाडीत काही तास आणि मग विमानात पाच-सहा तास, पाय लोंबते राहतात आणि सुजतात. त्या वेळी पट्टे सैल करता येणारी सँडलच कामी येते.

एक जोडी पुरत नाही, दोन घ्याव्यात. एक भिजली किंवा गर्दीत हरवली तर दुसरी हवी. जोड्यासाठी खांद्याला लटकणारी कापडी पिशवी सोबत ठेवावी, म्हणजे हरमच्या दारात जोडा शोधत तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरण्याची वेळ येत नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी विशेष काळजी घ्यावी. अशा पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. फोड येतो, चटका बसतो, आणि माणसाला कळतही नाही. त्यांनी जोडा निवडण्यापूर्वी डॉक्टरांना पाय दाखवावा आणि प्रवासात रोज रात्री तळपाय व बोटांची बेचकी पाहावीत. स्त्रियांनी, आणि एहराम उतरल्यावर पुरुषांनीही, मोजे वापरायचे तर निव्वळ सुती घेऊ नयेत. सूत घाम पितो पण सोडत नाही, आणि ओले कापड कातडीवर घासले की फोड येतो. मिश्र धाग्याचा, घाम लवकर वाळवणारा मोजा बरा. हे आम्ही कापडवाले म्हणून खात्रीने सांगतो.

कोणी म्हणेल, आमचे वडीलधारे साध्या वहाणांवर हज करून आले. खरे आहे. परंतु ते मुंबईहून जहाजाने जात, आणि ती जहाजे १९९५ साली बंद झाली. जहाजावर माणसाला सवडीने तयार व्हायला वेळ मिळे, आणि त्या पिढीचे पाय शेतात आणि बाजारात रोज कोसभर चाललेले होते. आज आपण गल्लीच्या टोकाला जायचे तरी मोटारसायकल काढतो. कोणी म्हणेल, नियत साफ असली की जोड्याचे काय? त्याला उत्तर असे की, उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा हीच आपल्याला मिळालेली शिकवण आहे. जोड्याची तयारी ही त्या उंटाची दोरी आहे.

आता विकणाऱ्यांकडे वळू. 'हज चप्पल' म्हणून बाजारात जो माल येतो त्यातला बराचसा नावापुरता असतो. तळ पातळ, पट्टे डिंकाने चिकटवलेले. उन्हात डिंक सुटला की हाजीसाहेब मिनाच्या रस्त्यावर एका पायात चप्पल घालून उभे. त्यांना तुमच्या दुकानात येऊन भांडता येत नाही, आणि परत आल्यावर ते भांडत नाहीत, कारण ते सब्र करून आलेले असतात. या सब्रवर नफा कमावणे ही तिजारत नव्हे. मदीनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांची (स.) आपण उम्मत आहोत. पट्टा शिवलेला आहे की चिकटवलेला, हे गिऱ्हाईकाने विचारण्याआधी आपण सांगावे. ज्या गिऱ्हाईकाला जोडा बसत नाही त्याला 'चाचा, हा तुमच्यासाठी नाही' असे म्हणण्याची हिंमत ठेवावी. तो आज रिकाम्या हाताने जाईल, पण पुढच्या वर्षी चार हाजी घेऊन येईल. बरकत अशीच येते.

कारागीर बंधूंनी यात धंदाही पाहावा. २०२४ साली भारताचा हजचा कोटा १,७५,०२५ होता. प्रत्येकी दोन जोड्या धरल्या तर साडेतीन लाख जोड्या होतात, आणि उमराहला वर्षभर जाणारे वेगळेच. ही मागणी दरवर्षीची आहे आणि तिची तारीख आधी ठाऊक असते. असा माल कोणत्या धंद्यात मिळतो? चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले. निष्कर्ष असा की भारतीय पाऊल युरोपियन पावलापेक्षा रुंद असते. आपण मात्र अजून इंग्रजी नंबरावर जोडे विकतो, आणि रुंदीची भरपाई म्हणून गिऱ्हाईकाला एक नंबर लांब देतो. मग टाच मागे सरकते आणि फोड येतो. जो कारागीर रुंद साच्यावर, वरचे हाड उघडे ठेवणारी, टाचेच्या पट्ट्याची, शिवलेली सँडल बनवील त्याला मोठ्या कारखान्यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारखी सँडल मांडली आणि पुढे तिचे मूळ आपल्याकडचे असल्याचे मान्य केले. आपल्या हातात हुन्नर आहे, हे जगाला कळले आहे.

कराचा अडसरही कमी झाला आहे. पूर्वी हजार रुपयांवरच्या जोड्यावर १८ टक्के जी.एस.टी. होता, त्यामुळे लोक हजाराच्या आत बसवण्यासाठी मालच हलका करीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोड्यावर ५ टक्के आहे. तेव्हा 'चांगला माल परवडत नाही' हे कारण आता तेवढे भक्कम राहिलेले नाही.

ओझरमध्ये एच.ए.एल.चे कामगार आहेत. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याला विचारा, जोड्याची किंमत तो सांगेल. आमची सूचना एवढीच. प्रत्येक गावातील दोन-तीन दुकानदारांनी मिळून हजच्या दोन महिने आधी एक दिवस ठरवावा. आलिमसाहेब, एक डॉक्टर, एक कारागीर आणि एक-दोन जुने हाजी बोलवावेत. यंदाच्या हाजींचे पाय मोजावेत, माप कागदावर लिहून द्यावे. जोडा त्यांनी कोणत्याही दुकानातून घ्यावा. आणि नातेवाइकांनी निरोपाच्या दावतीतला एक पदार्थ कमी करून त्या पैशांत हाजीसाहेबांना जोडा घेऊन द्यावा, मात्र पाय बरोबर नेऊन. ज्या पायांनी माणूस अल्लाहच्या घराकडे निघतो त्या पायांची खिदमत हाही सवाबच आहे.