जुन्या काडतुसांचा भरवसा

भाताच्या लोंब्या भरू लागल्या म्हणजे रानडुकरे कोकणातील शेतकऱ्याची झोप हिरावून घेतात. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत राहून गावची शेती राखणारे आपले कित्येक सभासद अशा वेळी रजा काढून गावी जातात. डुकरे मारण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वये रीतसर परवानगी मिळाली, की वडिलोपार्जित रायफलीबरोबर आजोबांची काडतुसेही बाहेर निघतात. या शेवटच्या गोष्टीविषयी चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

गेल्या हंगामात एका स्नेह्यांच्या गावच्या घरी आम्ही अशी एक पेटी पाहिली. ‘अस्सल युरोपचा माल, शंभर वर्षे हलणार नाही,’ असे ते म्हणाले. पितळ खरोखर चकचकीत होते. परंतु उजेडात धरून पाहता दोन काडतुसांच्या गळ्याशी केसासारखी उभी चीर दिसली. पेटी गोठ्यावरील माळ्यात असे.

दारू पेटली म्हणजे पुंगळी फुगून नळीच्या घरास घट्ट चिकटते व वायूस मागे येऊ देत नाही. तीच फाटली तर तो वायू नेम धरणाराच्या डोळ्यांकडे येऊ शकतो. हे पितळ साधारणतः ७० भाग तांबे व ३० भाग जस्त यांचे असते. ते न तापविता ओढून घडवितात, म्हणून त्याच्या अंगी ताण राहतो. ठोक्यांनी कडक झालेले भांडे तांबट तापवून नरम करतो, तद्वत पुंगळीसही बेताने तापवावे लागते. ताण राहिलेल्या पितळास ओल व अमोनिया लागला की ते तडकते. हिंदुस्थानातील ब्रिटिश सैन्याची काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली असता अशीच तडकत. घोड्यांच्या मुतातील अमोनिया हे त्याचे कारण मूर, बेकिन्सेल प्रभृती संशोधकांनी १९२१ साली दाखवून दिले. गुरांच्या गोठ्यातही तोच वायू असतो.

शिवाय पूर्वीच्या कित्येक टोप्यांत पाऱ्याचे संयुग असे. एकदा उडालेल्या पुंगळीचे पितळ त्या पाऱ्याने ठिसूळ होते. तीच पुन्हा भरलेली असेल तर धोका दुणावतो.

आपल्याकडील .३१५ बोअर मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर काडतुसाच्याच घडणीचा आहे. म्हणून घरातील जुने परदेशी काडतूस इशापूरच्या रायफलीत खुशाल चालेल, असे समजणारे भेटतात. आकार जुळणे निराळे आणि अंगी बळ असणे निराळे.

नवी काडतुसे महाग व दुर्मिळ आहेत, हा आक्षेप खोटा नाही. तथापि डोळ्याच्या मोलाने वाचविलेले पीक कोणास हवे आहे? महसुली कारकुनीत परवान्यांचे पुष्कळ कागद आमच्या हातून गेले. त्यांत काडतुसांची संख्या लिहिलेली असे. वय कोणी विचारीत नसे. परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी काडतुसेही तपासली जावीत, अशी मागणी आपल्या सभेने सरकारकडे करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत सभासदांनी काडतुसे गोठ्यापासून दूर, कोरड्या जागी कुलपात ठेवावीत. चीर, हिरवा डाग किंवा अज्ञात वय आढळल्यास ती उडवून पाहू नयेत, फोडू नयेत, चुलीत वा विहिरीत टाकू नयेत. पोलीस ठाण्यास कळवून तेथील सूचनेप्रमाणे ती स्वाधीन करावीत. आमच्या स्नेह्यांनी तसेच केले. पीक थोडे गेले, पण माणूस धडधाकट राहिला.