तैलरंग म्हणजे भिंतीचा रंग नव्हे!

आमच्याकडे "मी ऑइल पेंटिंग करतो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठली खोली?" ऑइल पेंट म्हणजे चवथीच्या आधी दारांना नि ग्रिलांना लावायचा तो. कॅनव्हासवर लावायचाही एक असतो हे समजावून सांगावं लागतं. आणि समजावलं की समोरचा म्हणतो, "वा! छंद बरा आहे. रिटायर झाल्यावर वेळ मस्त जाईल."

या वाक्याशीच माझं भांडण आहे.

मी सरकारी कारकून. वय सत्तेचाळीस. पदवी कला शाखेची (त्या कला शाखेत तीन वर्षांत एकदाही कुणी हातात ब्रश दिला नाही, ते सोडा). चित्रं त्याच्या आधीपासून काढत होतो. नोकरी लागली, संसार झाला, चित्रं सुटली. एकोणीस वर्षांनी, दोन पावसाळ्यांपूर्वी, पुन्हा सुरू केली. तेव्हापासून जे सल्ले मिळाले ते सगळे भल्या माणसांचे आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं.

पहिला सल्ला : निवृत्तीनंतर कर. वाचकहो, निवृत्ती साठाव्या वर्षी येते, पण डोळा सेवानियमांनी चालत नाही. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि निळ्या-जांभळ्यातले बारीक फरक पुसट होऊ लागतात. क्लोद मोनेला मोतीबिंदूने गाठलं तेव्हा त्याच्या चित्रांत तांबडा-पिवळा माजला. १९२३ साली शस्त्रक्रिया झाल्यावर कुठे त्याला निळा पुन्हा धडपणे दिसला. मांडवीवर सकाळी जो करडा-निळा असतो तो मला आज दिसतो. तो तेरा वर्षं थांबा म्हणून कुणाला सांगू?

दुसरा सल्ला : तेल कशाला, अॅक्रिलिक घे, पटकन वाळतं. इथे तर गणितच उलटं आहे. अॅक्रिलिक पाव-अर्ध्या तासात वाळतं, म्हणून ते एका बैठकीत हाणावं लागतं, आणि लांब बैठक हीच तर नोकरदाराकडे नसते. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. आज लावलेला रंग उद्या संध्याकाळीही हलवता येतो. खालचा थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचा अधिक तेलाचा, हा क्रम चुकवला तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे भेगा पडतात. म्हणजे रोज अर्धा तास काम आणि मग वाट पाहणं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाणाऱ्या फाइलीला हे जमतं, तर कारकुनाला का जमू नये? आमच्या पावसाळ्यात वाळायला जास्तच वेळ लागतो, कॅनव्हासच्या पाठीला बुरशी येते. पण त्याला उपाय आहेत. "छंद" या शब्दाला उपाय नाही.

आता खरा मुद्दा. गोव्यात हौशी माणसाला मान नाही असं कोण म्हणेल? आमच्याच कचेरीत भजनी आहेत, नाटकवाले आहेत. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेची तालीम असली की माणूस अर्धा तास लवकर सटकतो, शेजारचं टेबल सांभाळून घेतं, आणि ते योग्यच आहे. पंधरा वर्षांनी कुणी तंबोऱ्याला हात लावला तर लोक म्हणतात, "गळा अजून शाबूत आहे हां!" त्याला कुणी विचारत नाही की भजन कितीला विकतोस. मला मात्र दोनच प्रश्न : "हे काय आहे?" आणि "कितीला जातं?"

कुणी म्हणेल, गाणं चार लोक ऐकतात, चित्र कुणासाठी? अहो, चित्र बघायला भिंत तर हवी. आमच्या दिवाणखान्यात देवाचा फोटो, घड्याळ, बँकेचं कॅलेंडर आणि टीव्ही. देवळांतही तीच गत. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देऊन तो ओला असताना कोरायचा, ही कावी कला आपल्या देवळांच्या भिंतींवर होती. जीर्णोद्धाराच्या उत्साहात तिच्यावर कितीतरी ठिकाणी रंग फासले, टाइल्स बसवल्या. ज्यांनी चित्रावर ऑइल पेंट मारला त्यांनी मला ऑइल पेंटचा अर्थ शिकवावा, हा विनोद मला झेपत नाही.

आणि अभिमान तर केवढा! सांगेचे त्रिंदाद, सालिगावचे सौझा, मडगावचे दीनानाथ दलाल, सगळे आपले. पण त्रिंदाद नि दलाल मुंबईत नावारूपाला आले, सौझा १९४९ साली लंडनला गेले. लक्ष्मण पै १९७७ साली कला महाविद्यालयाचे प्राचार्य होऊन परतले, हे आपलं भाग्य. बाहेर जाऊन मोठा झालेला चित्रकार आपला, आणि इथे राहून रोज संध्याकाळी रंगवणारा रिकामटेकडा, हा हिशेब कुठला? वासुदेव गायतोंडे मूळ आपल्याकडचे म्हणून आपण सांगतो. १९८४च्या अपघातानंतर तेही काही वर्षं कॅनव्हासपासून दूर राहिले, कागदावर छोटी रेखाटनं करत, आणि मग परतले. त्या परतण्याला छंद म्हणायची कुणाची टाप आहे? ते थोर होते, मी नाही, कबूल. पण परतायला थोर असावं लागतं असा नियम भजन्यांना लावत नाही ना आपण?

माझी मागणी साधी आहे. पुरस्कार नको, अनुदान नको. जत्रेच्या दिवसांत देवस्थानच्या सभागृहातली एक भिंत गावातल्या रंगवणाऱ्यांना द्या, भजनाला मंडप देता तशी. आणि "कितीला जातं?" ऐवजी, तालमीवरून आलेल्याला विचारता तसं एकदा विचारा, "कुठवर आलं?"