माळ्यावरचे खेळ आणि त्यांचे मोल

काचीगुड्याच्या एका भगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झाले. आता मोठे घर सोडून लहान घरात जावयाचे आहे. माळा रिकामा करताना व्हिडिओ गेमची तीन यंत्रे आणि खोकेभर कॅसेटी व तबकड्या निघाल्या. भंगारवाल्याने सगळ्यांचे मिळून वजनावर पैसे देऊ केले आहेत. द्यावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे. अशीच विचारणा या वर्षात आणखीही घरांतून झाली, म्हणून उत्तर या सदरातच देत आहोत.

वजनावर देऊ नये. परंतु त्याआधी चिरंजीवांना विचारावे. वस्तू त्यांची आहे, आणि शिवाय कोणत्या खोक्यात काय आहे हे घरात त्यांच्याइतके कोणासही ठाऊक नाही. माळ्यावरच्या ढिगाची चार छायाचित्रे त्यांना पाठविली तर निम्मे काम तेथेच होते.

या वस्तूंचे दोन वर्ग आहेत आणि त्यांची चाल परस्परविरुद्ध आहे. प्लेस्टेशन ४ किंवा ५ यांसारखे अलीकडचे यंत्र वापरात नसेल तर ते जितके लवकर विकावे तितके बरे. नवा अवतार बाजारात येताच जुन्याची किंमत घसरते. उलट १९८९ सालचा गेमबॉय किंवा २००० साली जपानात निघालेले प्लेस्टेशन २ यांची व्हायची ती घसरण केव्हाच होऊन गेली आहे. त्यांना आता हौशी संग्राहक शोधतात. तेथे घाई करणारा फसतो.

आपल्याकडे १९९०नंतर घरोघर जी यंत्रे आली, ती बहुतांशी निंटेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम यंत्राच्या नकला होत्या. ज्या कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे आणि आत मारिओ, काँट्रा असे मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा निघत, ती त्यांचीच. त्यांचे मोल आठवणींत आहे, बाजारात फारसे नाही. मात्र त्याच खोक्यात गेमबॉयची अस्सल कॅसेट असू शकते, आणि तिच्यावरच वजनकाटा अन्याय करतो. गेमबॉय अॅडव्हान्सची कॅसेट असल्यास खालच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांजवळ पाहावे. अस्सल असेल तर आतल्या पाटीवर निंटेंडोचे नाव दिसते. पहिल्या प्लेस्टेशनच्या अस्सल तबकडीची पाठ काळी असते. प्लेस्टेशन २ची पाठ रुपेरी किंवा निळी. वर स्केचपेनने नाव लिहिलेल्या तबकड्या त्या काळी आपल्याकडे सर्रास मिळत. त्या नकला आहेत. त्यांना मोल नाही आणि त्या विकणे कायद्यालाही धरून नाही. त्या विक्रीच्या ढिगातून आधीच काढाव्यात.

आमच्या मते किंमत ठरते ती संचाच्या पूर्णत्वावर. खोके, आतली पुस्तिका, तारा, दोन्ही रिमोट, मेमरी कार्ड, खरेदीची पावती, जे जे सापडेल ते एकत्र करावे. रिकाम्या खोक्यालाही गिऱ्हाईक असते हे ऐकून आमच्या घरात हसू झाले होते. परंतु ते खरे आहे, कारण मुलांनी पहिल्या दिवशी फाडून टाकले ते खोकेच होते, यंत्र नव्हे. हैदराबादकरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. प्लेस्टेशन २साठी २००९ साली निघालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ आपल्याच शहरातील एका कंपनीने तयार केला होता. तो घरात असेल तर इतरांत मिसळून देऊ नये. याउलट दरवर्षी नव्याने निघणारे फुटबॉलचे खेळ गतवर्षीच्या पंचांगासारखे. ते यंत्रासोबत जोड म्हणून द्यावेत.

स्वच्छता करावी, पण बेताने. कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय आपल्या सर्व मुलांना होती. ती वाईटच, फुंकरीतील ओलाव्याने पट्ट्या गंजतात. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन त्या हलक्या हाताने पुसाव्यात. यंत्रात राहिलेले सेल फुटून पांढरा-हिरवा थर आला असेल तर तो काढावा. पिवळे पडलेले प्लॅस्टिक मात्र घरगुती रसायनांनी उजळवू नये. डाग उमटला की गिऱ्हाईक जाते.

नंतर प्रत्येक वस्तू चालवून पाहावी आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळ चालू असतानाच छायाचित्र घ्यावे. ‘चालू आहे की नाही माहीत नाही’ असे सांगितले की घेणारा ती बंद आहे असे धरूनच भाव करतो. दोष असेल तर तोही दाखवावा. १९९९च्या पोकेमॉन गोल्ड व सिल्व्हर या कॅसेटींत एक लहान सेल असतो. तो संपला की खेळ चालतो, पण जिथवर आलो ते जपून राहत नाही. हे न सांगता वस्तू दिली तर दोन दिवसांनी फोन येतो आणि पैसे परत द्यावे लागतात, नाहीतर नाव जाते.

भाव काढताना लोक मागतात ती किंमत पाहू नये. वस्तू प्रत्यक्ष किती रकमेला गेली ते पाहावे. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहण्याची सोय आहे. तेथेही भुलू नये. जुलै २०२१मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ची एक प्रत अमेरिकेतील लिलावात १५,६०,००० डॉलरना गेली, ही बातमी अनेकांनी वाचली असेल. त्या प्रतीचे वेष्टन कधी उघडलेलेच नव्हते. आपल्या मुलांनी खेळ खेळण्यासाठी घेतले होते. शिवाय अमेरिकेतील प्लेस्टेशन २वर आपल्याकडील तबकडी चालत नाही, त्यामुळे तिकडचा भाव इकडे लागू पडत नाही. गेमबॉयच्या कॅसेटी मात्र कोणत्याही देशात चालतात.

सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरसारख्या बाजारात दुकानदार सबंध ढीग एका भावात मागतो. त्याला पुढे नफा करावयाचा आहे, त्यात त्याचा दोष नाही. परंतु दोन-तीन ठिकाणी विचारल्यावाचून हो म्हणू नये, आणि अस्सल कॅसेटी पिशवीतून काढून ठेवूनच जावे. अर्थात वेळ नसेल आणि घर याच महिन्यात सोडावयाचे असेल, तर थोडे कमी घेऊन एकाच माणसाला देण्यात आम्हांला गैर वाटत नाही.

परस्पर गिऱ्हाईक शोधल्यास मोल अधिक मिळते, तसा धोकाही वाढतो. ‘पैसे पाठवितो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे कोणी म्हणाला तर व्यवहार तेथेच थांबवावा. यूपीआयने पैसे घेण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. रक्कम आपल्या खात्यात दिसल्यावरच वस्तू हातची सोडावी, आणि एकट्या ज्येष्ठांनी अनोळखी माणसास घरी न बोलाविता दुकानाच्या दारात भेटावे.

अलीकडचे यंत्र असेल तर त्यात चिरंजीवांचे खाते, कदाचित बँकेचे कार्डही नोंदलेले असते. खाते काढून यंत्र मूळ स्थितीत आणण्याची सोय त्यातच असते. ते काम चिरंजीवांकडून फोनवर समजून घेऊन करावे. ऑनलाइन विकत घेतलेले खेळ त्यांच्या खात्यावर राहतात, गिऱ्हाइकाकडे जात नाहीत. तसे आधीच सांगावे.

अखेर जे मुळीच चालत नाही ते उरते. त्यातील अॅडॉप्टर, तारा आणि रिमोट आधी बाजूला काढावेत; जुन्या यंत्रांचे मालक नेमके तेच शोधत असतात. राहिलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा.