सिस्टर, एवढं टोचून द्या की!



गेल्या आठवड्यात गल्लीतल्या एक काकू घरी आल्या. पिशवीत वजन कमी करायचं पेन. "सिस्टर, पोरीचं लग्न आलंय. एवढं टोचून द्या की." मी चिठ्ठी मागितली. चिठ्ठी नव्हतीच. पुण्याच्या नातेवाइकांनी अर्धं वापरून दिलेलं पेन! त्यात काकूंना शुगरची ग्लिमेपिराइड चालू. मी नाही म्हटलं. काकू रुसल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, कुणाकडून तरी टोचून घेतलं.

ते 'कुणीतरी' आपल्यातलंच. म्हणून लिहितेय.

मौंजारो भारतात मार्च २०२५ ला आलं, वेगोव्ही जूनमध्ये. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं पेटंट संपलं. आता भाव उतरणार आणि हे औषध धाराशिव, कळंब, उमरग्याच्या गल्लीबोळात पोचणार. औषधाला माझा विरोध नाही. लठ्ठपणा हा आजार आहे आणि योग्य रुग्णाला याचा फायदा होतो. माझा राग 'टोचून द्या की' या पद्धतीवर आहे.

वेगोव्ही आठवड्यातून एकदाच घ्यायचं. सुरुवात ०.२५ मिलिग्रॅमने, डोस वाढवायचा तो चार-चार आठवड्यांनी. घाई केली की उलट्या, पोटदुखी, अंगातलं पाणी कमी होणं. क्वचित स्वादुपिंडाला सूज. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. गरोदरपणात तर नकोच. सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्याला चालत नाही, रक्तातून आजार जातात. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला सांगितलं नाही तर पोटात राहिलेलं अन्न भुलीत फुफ्फुसात जाऊ शकतं.

आणि चूक शिकलेल्यांकडूनही होते. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला होता: तिथे फार्मसीत बनवलेलं सेमाग्लुटाइड कुपीतून सिरिंजमध्ये ओढताना मिलिग्रॅम, मिली आणि युनिटचा घोळ झाला. काहींना पाच ते वीस पट डोस गेला, काहींना ॲडमिट करावं लागलं. त्यात डोसचा हिशेब चुकवणारे आरोग्य कर्मचारीही होते.

आता आपल्याकडे बघा. रात्रपाळीला एकटी सिस्टर, फोनवर तोंडी ऑर्डर, "देऊन टाका." पेशंट बरा झाला तर नाव डॉक्टरांचं. बिघडला तर? "सिस्टरनं टोचलं." दवाखाना चालवणाऱ्यांनो, हे बंद करा. लेखी ऑर्डर द्या, डोस मिलिग्रॅममध्ये लिहा, आणि भरती करताना 'वजनाचं इंजेक्शन घेता का?' हा प्रश्न केसपेपरवर छापा. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. आपल्या उन्हाळ्यात लाईट गेल्यावर त्या फ्रीजचं काय होतं, तेही बघा.

सिस्टर मैत्रिणींनो, ओळखीपोटी, शे-दोनशे रुपयांपोटी सुई हातात घेऊ नका. चिठ्ठी नाही, तर इंजेक्शन नाही. कुणाला त्रास झालाच तर आधी दवाखान्यात न्या, मग १८००-१८०-३०२४ या सरकारी नंबरवर नोंदवा. हा नंबर फुकट आहे.

आणि काकू, वाचत असाल तर रुसवा सोडा. पेन घेऊन या, आपण दोघी मिळून डॉक्टरांकडे जाऊ. लग्नात तुम्ही धडधाकट उभ्या पाहिजेत, बारीक नसलात तरी चालेल.