आधी वही, मग वेबसाइट

सुरुवातीलाच कबूल करते, माझं मराठी यथातथाच आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये गेले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. पण हा विषय इंग्रजी विभागात लिहिला असता तर मामाला वाचता आला नसता, आणि चूक तर मी मामाचीच केली होती.

माझ्या मामाची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. फर्स्ट इयरच्या डिसेंबरच्या सुट्टीत मी मोठ्या ऐटीत त्याला वेबसाइट करून दिली. डोमेन आणि होस्टिंगचे मिळून साडेतीन हजार त्याच्याच खिशातून गेले. उघडली की वरून आंबे पडायचे, मागे समुद्राचा व्हिडिओ, मग 'आमचे ध्येय', 'आमची दृष्टी'. होस्टेलवर सगळ्यांनी वाहवा केली. मामाने मात्र दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बरा दिसता गो चेडवा, पण माझो फोन नंबर खंय आसा?" नंबर होता हो, अगदी तळाला, करड्या रंगात!

त्या हंगामात वेबसाइटवरून एकही ऑर्डर आली नाही. पण खरा दणका बसला गेल्या एप्रिलमध्ये. पीक कमी, त्यामुळे भाव चढलेला. एका गिऱ्हाइकाने साइटवरचा आदल्या वर्षीचा दर वाचून सहा पेट्या मागितल्या. दर बदलायचा तर मलाच कोडमध्ये हात घालावा लागायचा, आणि माझी चालली होती सबमिशन्स. मामाने वाद घातला नाही. "आमच्या नावाखाली लिवलला आसा ना, मग द्यायचा," म्हणाला. पेटीमागे नऊशे, म्हणजे चोपन्नशे रुपयांचं नुकसान. मला तो एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून मे महिन्यात लॅपटॉप बाजूला ठेवला आणि एक वही घेऊन पडवीत बसले. येणाऱ्या प्रत्येक फोनवर लोक काय विचारतात ते फक्त लिहून काढलं. दोन दिवसांत लक्षात आलं, प्रश्न पाचच आहेत. आज दर काय? पुण्या-मुंबईत किती दिवसांत पोचेल? कशात पिकवता? फळ खराब निघालं तर? आणि खरंच देवगडचाच कशावरून?

थोडक्यात काय, तर वेबसाइटचा आराखडा या पाच प्रश्नांतच होता! 'आमची दृष्टी' कोणीही विचारली नव्हती. लोकांना कार्बाइडची भीती असते (फळं पिकवायला ते वापरण्यावर आपल्याकडे बंदी आहे), तर गवतात घातलेल्या आढीचा एक साधा फोटो बास. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल, तर तो क्रमांक दिसेल असा छापावा. पडणाऱ्या आंब्यांपेक्षा त्याने जास्त विश्वास बसतो.

दुसरा प्रश्न, साइट चालवणार कोण? आपण तर उद्या प्लेसमेंट लागली की बेंगळुरूला. आमच्याकडे हे काम मामीचं. म्हणून आता दर एकाच जागी आहे, तारखेसकट, आणि मामी तो स्वतःच्या मोबाइलवरून बदलते. हंगाम संपला की 'यंदाचा आंबा संपला' एवढंच दिसतं. डोमेनही माझ्या नावावरून काढून मामाच्या नावावर केलं. सातबारा भाचीच्या नावावर ठेवतं का कोणी?

तिसरं म्हणजे वजन. चार एमबीचे फोटो दीडशे केबीच्या आत आणले, कारण बघणारा बसमध्ये, मोबाइलवर, अर्ध्या रेंजमध्ये असतो. फोन नंबर सगळ्यात वर, बोट लावलं की लागणारा. मजकूर फोटोत न कोरता मराठीत टाइप केलेला, म्हणजे तो शोधताही येतो आणि ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकताही येतो. आणि https हवंच. 2018 पासून क्रोम त्याशिवायच्या साइटवर 'सुरक्षित नाही' असा शिक्का मारतो. तो बघून पैसे कोण पाठवेल?

आता काहीजण म्हणतील, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टा असताना वेबसाइट हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं तर मत आहे की सगळ्यांना ती नकोच. आपल्या गेटसमोरच्या चहावाल्या काकांना गूगल मॅप्सवर नाव आणि वेळ आली की पुरे. पण ज्याचं गिऱ्हाईक लांब आहे आणि ज्याने त्याला कधी बघितलेलं नाही, त्याला स्वतःची जागा हवी. इन्स्टा म्हणजे भाड्याची खोली, मालकाने नियम बदलले की आपण काय करणार?

आणि हो, आजकाल एआयला सांगितलं की दहा मिनिटांत वेबसाइट तयार होते. झकास होते! माझी पहिलीसुद्धा झकासच होती. पण पडवीत बसून फोन ऐकायचं काम त्याला कोणी सांगितलेलं नसतं, ते आपल्यालाच करावं लागतं. आपण शिकतो डेटाबेस, शिकतो अल्गोरिदम, पण "तुम्हाला नेमकं काय हवंय?" हे विचारायला लाजतो. मिनी प्रोजेक्टला मार्क मिळतात, आणि दुकानदाराचे पैसे जातात.

नवी साइट अगदी साधी आहे. होस्टेलवर कोणीही वाहवा केली नाही. यंदा मामाला फोन आले, पण आता लोक दर विचारत नाहीत, थेट "दोन पेट्या पाठवा" म्हणतात.

तर या सुट्टीत घरी गेलात आणि एखाद्या काकांनी वेबसाइट करून मागितली, तर लगेच लॅपटॉप उघडू नका. वही घ्या आणि दोन दिवस त्यांच्या गल्ल्याजवळ बसा. चहा तर मिळेलच!

ता. क. त्या चोपन्नशेपैकी दोन हजार मी स्टायपेंडमधून मामाला परत केले. त्याने तेवढ्याच किमतीची पेटी होस्टेलवर पाठवून दिली. रूममेट्सना विचारा.