जीर्ण यंत्राचा उद्धार

सुटीच्या दिवशीं जुनी मोटारसायकल उलगडून बसलेला मुलगा पाहिला, कीं घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात. वाचकहो, मला मात्र तें एक अध्ययनच वाटतें.

आमच्या छत्रपति संभाजीनगराजवळ वाळूज येथें बजाजचा कारखाना १९८५ सालीं सुरू झाला, आणि १९८६ सालीं जपानच्या कावासाकीच्या सहकार्यानें के. बी. १०० ही मोटारसायकल बाजारांत आली. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनांत पेट्रोलाबरोबर तेलहि जळतें. त्यामुळें सायलेन्सरांत काजळी सांचते, ती प्रथम खरवडावी. सोडलेला प्रत्येक भाग क्रमानें मांडून ठेवावा. पदच्छेद केला, तर अन्वयहि लावतां आला पाहिजे. ब्रेक व टायर यांत काटकसर नको. बाकीचें जुनें मात्र शक्य तों दुरुस्तच करावें.

२०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूप राखलेल्या वाहनासच ‘व्हिंटेज’ हा मान दिला आहे. म्हणजे १९८६ च्या गाडीस २०३६ पर्यंत थांबणें आलें. आज हौसेनें चढविलेला परका साज उद्यां तो मान घालवील. जीर्णोद्धार करणारानें मूर्ति बदलूं नये. आणि घरच्यांनीं त्याला ओसरीचा एक कोपरा खुशाल द्यावा.