भाकर आमची, वेदी त्यांची

मैत्रिणींनो, जळगाव जामोदहून शेगावला मी तीनदा पायी गेले. रामनवमीच्या उन्हात, पूर्णा ओलांडून. दर वेळी निघण्याआधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खाल्ल्या. ‘वारीत विटाळ नको,’ असं सासूबाईंनी सांगितलं आणि मी ऐकलं.

मग एका डिसेंबरात सावंतवाडीच्या ख्रिस्ती मैत्रिणीबरोबर जुन्या गोव्याला चालत गेले. ३ डिसेंबरला तिथे सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. बांदा, पत्रादेवी, म्हापसा अशी वाट. वाटेतच पाळी आली. मी घाबरले. मैत्रीण म्हणाली, ‘‘मग काय झालं? पॅड बदल आणि चल.’’

मिस्सेला मी मागे बसले. बायबलमधला उतारा एका बाईने वाचला, गाणी बायकांनी म्हटली. कम्युनियनला सगळे रांगेत गेले. मी कॅथलिक नाही, म्हणून जागेवरच राहिले. मनात आलं, इथे विटाळ नाही, म्हणजे बाई मोकळी! मग नजर वेदीकडे गेली. तिथे सगळे पुरुष.

स्त्रियांना पुरोहितपद देण्याचा चर्चला अधिकारच नाही, असं पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली जाहीर केलं. मिस्सेची ती भाकर कितीतरी ठिकाणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर्स तयार करतात. पीठ कालवणारा हात चालतो, तीच भाकर वेदीवर उचलून धरणारा चालत नाही! २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक आणि वेदीसेवक ही पदं स्त्रियांना रीतसर खुली केली. वाचन तर त्या आधीपासूनच करत होत्या.

गावी हे सांगितलं तर एक भाऊसाहेब खूश. ‘‘बघा, त्यांच्यातही तेच!’’ अहो, मग आपलं माफ झालं का? शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढण्यासाठी बायकांना २०१६ साली उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. आणि आमच्या दिंडीत मुक्कामाला भाकरी कोण थापतं? वीणा कोणाच्या गळ्यात असते?

दुसऱ्या धर्मातल्या बाईचं दुःख दाखवून आपल्या बाईला गप्प बसवायचं, हा खेळ जुना आहे. त्यात आपण सामील व्हायचं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं अँग्लिकन बिशपांचं म्हणणं पडलं, तेव्हा त्या तिथेही भांडल्या. ते चर्च वेगळं, पण प्रश्न हाच. धर्म बदलला, मान तुकवली नाही.

देव सोडा, असं मी म्हणत नाही. चालण्यात मला सुख मिळतं, मिस्सेतही मिळालं. पण जिचे पाय चालतात, तिचे हात अपवित्र कसे?

येत्या रामनवमीला मी गोळी घेणार नाही. दिंडीत वीणा मागणार आहे. मैत्रीण तिच्या फादरना विचारणार आहे. नकार दोघींनाही मिळेल. तो मिळाल्यावर पुन्हा विचारायला तुम्ही बरोबर याल ना?